भरल्या गाडीचा उतार

डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात कृष्णनाथ उंड्या पावाचा तुकडा पातळभाजीत बुडवत होता, तेव्हा त्याच्या पाठीमागून हरमलची बस आली. म्हणजे तिचा आवाज आला. चार सिलिंडरचा, जरा घशात अडकणारा, मधेच एका ठोक्याला दम खाऊन पुन्हा लागणारा. ती बस मोडीत निघून वर्षं झाली होती, आणि चालू होती तेव्हाही ती पेडणे सोडून कधी डिचोलीला आली नव्हती. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी तो न वळता बाकावर बाजूला सरकला, वाट द्यावी तसा, आणि त्याचा हात खिशातल्या चावीकडे गेला. चावी वर्कशॉपच्या कपाटाची होती. मग तो वळला. समोर बस नव्हती. लांब नाकाचा, लाल मातीनं अंगभर माखलेला जुना दहाटनी ट्रक रस्ता अडवून उभा होता आणि त्याच्या पोटातून तो ओळखीचा आवाज येत होता. ओळखीच्या माणसाचा सदरा घालून कुणी परका दारात उभा राहावा, तसं. ट्रकच्या जनेलातून सगुणनं अर्धं अंग बाहेर काढलं होतं. "भावजी! वळखलो मरे आवाज?"

सगुण म्हणजे कृष्णनाथच्या बायकोचा, जानकीचा, धाकटा भाऊ. लाटंबार्श्याचा. काही वर्षं बार्जवर खलाशी होता, मग ते सोडून आला, मग हे धर ते सोड करत राहिला. गेल्या पावसाळ्यात त्यानं खाणीच्या माळावर गंजत पडलेला हा ट्रक आणला आणि घरामागच्या काजूंखाली झावळ्यांचा मांडव घालून त्याला उघडा केला. ट्रकचं मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन कामातून गेलेलं. त्याच्या जागी घालायला त्यानं पेडण्याहून, कृष्णनाथ पूर्वी चालवायचा त्या हरमलच्या बसच्या मालकाच्या मांगरातून, शेतातल्या खोपटातून, तिचं इंजिन आणलं, स्वतः सोडवलं, रिंगा बदलल्या, आणि बसचं इंजिन नि ट्रकची गिअरबॉक्स जोडायला मधली पोलादी चकती लेथवर स्वतः उभं राहून कातून घेतली. हे त्यानं पावसाळाभर कुणाला सांगितलं नव्हतं. "तुमकां अचंबो करुंक," तो खाली उतरून, हात पँटला पुसत म्हणाला. "तुमचेंच इंजिन मरे हें. तुमी वाडयल्लें." कृष्णनाथ हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की आपण बॉनेटवर तळहात टेकवला आहे आणि तो काढवत नाही.

खाणीच्या कंत्राटदाराकडे लोखंडाची माती वाहायला लायनीवर येणारी प्रत्येक गाडी आधी वर्कशॉपात कृष्णनाथच्या नजरेखालून जायची. तो बरी म्हणाला की बरी. हे काम त्यानं मागून घेतलेलं नव्हतं. बस बंद पडल्यावर तो या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला, आणि त्याचा कान चांगला म्हणून हळूहळू फोरमन झाला. आजवर गाड्या त्याच्यासमोर आल्या त्या परक्यांच्या. त्यांना हो म्हणताना किंवा नाही म्हणताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता सगुण दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता, आणि एरवी सदा काही ना काही मागे पडत गेलेल्या या माणसाच्या चेहऱ्यावर आज असं काही होतं की कृष्णनाथला तिथून उठून जावंसं वाटलं. "उद्यां सकाळीं कंत्राटदार विचारतलो. तुमी सांगलें की जालें," सगुण म्हणाला. "बघूया," कृष्णनाथ म्हणाला. "आधी भरून बघूया."

ट्रक डिचोलीबाहेर पडून खाणीच्या रस्त्याला लागला. कृष्णनाथ सगुणच्या शेजारी बसला होता आणि डोळे मिटले की तो हरमलच्या रस्त्यावर होता. तेच इंजिन, तोच बॉनेटमधून येणारा डिझेलचा नि तापल्या रबराचा वास. सकाळच्या पहिल्या फेरीला मास्तरीणबाई पुढच्या बाकावर बसायच्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. हरमलच्या मराठी शाळेत नव्यानं लागलेल्या. परतीच्या फेरीत मासे विकणाऱ्या बायांच्या पाट्या, मागच्या दाराला लोंबकळणारे केसाळ गोरे, आणि चढावर आलं की सगळ्यांच्या वरचढ हे इंजिन. मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, "ही चढावर रडते का हो?" तो म्हणाला होता, "रडत नाही, बोलते." नंतर त्याच मास्तरीणबाईंशी लग्न झाल्यावर जानकी त्या उत्तराची कितीदा थट्टा करायची. आता किती दिवसांत केली नव्हती. तो इंजिनाचा आवाज ऐकत होता आणि त्याला कळत होतं की आपण ऐकत नाही आहोत; आपण ओळखतो आहोत. ओळखणं वेगळं. ओळखीच्या गळ्यातला खरखराट कानाला लागत नाही. गाडी तपासायला बसलेल्या माणसानं आधी ती विसरायला हवी, आणि हे इंजिन विसरायचं म्हणजे फार काही विसरावं लागणार होतं.

आणि हे एकच असतं तर बरं. पण मागच्या रविवारचं जेवणही त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसलं होतं. ते दिवस गोव्यात कोकणी की मराठी या भाषेच्या भांडणाचे होते. रस्त्यांवर झाडं आडवी पडायची, बस मधेच थांबायच्या, भिंतींवर एका रात्रीत अक्षरं उमटायची आणि दुसऱ्या रात्रीत त्यांच्यावर चुना. सगुण कोकणीच्या बाजूचा. जानकी मराठी शाळेत शिकवणारी. कृष्णनाथ घरात बोलायचा एक आणि पेपर वाचायचा दुसरा, आणि यात काही निवडायचं असतं हे त्याला आजवर सुचलंच नव्हतं. जेवताना सगुण म्हणाला होता, "भावजी, तुमी न्हिदेंत कोंकणी उलयतात. तायन सांगलां म्हाका. जागे जाले की मराठी." जानकी हसली. वाईट काही नव्हतं त्यात. पण कृष्णनाथचा हात भातावरच थांबला. झोपेतलं बोलणं बायकोनं भावाला सांगितलं, त्याचं त्यानं ताटावर हसं केलं, आणि एकदम आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं त्याला वाटलं. तो ताटातलं संपवून उठला. तेव्हापासून सगुणचं नाव निघालं की छातीत काहीतरी बारीक टोचायचं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. म्हणून आता केबिनमध्ये बसल्या बसल्या तो स्वतःलाच बजावत होता: फक्त गाडी बघ. माणूस बघू नकोस.

खाणीत यंत्रानं हौदा भरला. सगुण म्हणाला, "थोडें उणें घालूं?" कृष्णनाथ म्हणाला, "पुरा भर. लायनीवर काय अर्धा भरणार आहेस?" खड्ड्याच्या तळापासून काठापर्यंतची चढण गाडीनं पहिल्या गिअरमध्ये घेतली. काळा धूर, पाण्याचा काटा हळूहळू लालाकडे, सगुणचे दोन्ही हात स्टिअरिंगवर ताठ. पण गाडी थांबली नाही. चालत्या माणसानं मागे टाकावी इतक्या संथपणे ती वर आली, पण आली. काठावर पोचल्यावर सगुणनं थाप मारली डॅशबोर्डवर. "ओडली! पळयलें? लेथवाले म्हणत आशिल्ले ओडची ना, ओडची ना!" कृष्णनाथच्याही तोंडून "वा" गेलं. मनापासून गेलं. त्या क्षणी त्यानं मनात हो म्हणून टाकलं होतं. संध्याकाळी जानकीला कसं सांगायचं, तिचा चेहरा कसा होईल, हेही त्यानं बघून घेतलं.

मग उतार आला. माती बार्जवर चढवतात त्या आमोण्याच्या जेटीकडे जाणारा रस्ता डोंगराच्या अंगावरून खाली जातो, मधे एक वळण. वळणावर पाण्याचा नळ. खाणीवरच्या कामगारांच्या खोपी तिथंच, कोल्हापूर-बेळगावकडची माणसं. नळावर कायम बाया, कळशा, रांग. सगुणनं उताराच्या तोंडाशीच दुसरा गिअर टाकला. बरोबर टाकला. पाय ब्रेकवर हलका. आणि कृष्णनाथला आवाज बदललेला ऐकू आला. वर चढताना इंजिन गाडी ओढत होतं. आता गाडी इंजिनाला ढकलत होती. मोठं इंजिन असतं तर त्या जागी त्यानं पाय रोवले असते, गिअरवर गाडी धरून ठेवली असती. हे लहान. याच्या पोटात धरून ठेवायला तेवढी जागाच नव्हती. ते धरत नव्हतं, नुसतं वरच्या पट्टीत किंचाळत फिरत होतं, आणि सगळा भार ब्रेकवर जात होता. हरमलच्या बसमध्ये त्यानं हा आवाज कधीच ऐकला नव्हता, कारण बसमध्ये माणसं बसायची, लोखंडाची माती नव्हे. सगुणचा पाय आता हलका नव्हता. केबिनमध्ये ब्रेकचं लायनिंग जळल्याचा तिखट वास आला. पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा गाडीनं ऐकलं. दुसऱ्यांदा थोडं उशिरा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायच्या आधी एक पोकळ क्षण गेला. त्या क्षणात कृष्णनाथला नळ दिसला, पिवळ्या लुगड्यातली एक बाई दिसली, तिच्या कळशीच्या काठावरून सांडणारं पाणी दिसलं. ती बाई गाडीकडे बघतही नव्हती. गाडी वळली. नळ मागे गेला. खाली सपाट रस्ता आला, आणि सगुणनं हसत त्याच्याकडे बघितलं.

"काय भावजी?"

"चाकं बघ," तो म्हणाला. दोघं उतरले. मागच्या ड्रमांवरून धूर निघत होता. सगुणनं त्याच्यावर पाण्याचा डबा ओतला, वाफ फुसकन वर आली. "नवें लायनिंग. पयलीं थोडें जळटा," तो म्हणाला.

"सगुण, ही गाडी ओढते. धरत नाही."

"म्हणजे?"

"भरली गाडी आपल्याकडे वर जातच नाही रे. खड्ड्यातून बाहेर येते तेवढीच. मग खालीच जाते. जेटी खाली आहे. वरचं सगळे विचारतात. खालचं कोण विचारत नाही. या ट्रकाला हे इंजिन लहान पडतं."

सगुण हसायचा थांबला. "पूण जालें कितें? सांगात. कितें जालें?"

कृष्णनाथनं तोंड उघडलं. काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. गाडी वळली होती, नळ जागेवर होता, बाईची कळशी भरली असेल आणि ती खोपीत गेली असेल. जे झालं नाही ते कुणाला कसं दाखवायचं? "काय झालं नाही," तो म्हणाला. "पण मी हिला बरी म्हणणार नाही. पेडण्याकडे चिरे वाहा, असा उतार नाही तिकडे, अर्धा हौदा भर. जन्मभर चालेल. मातीला नको." सगुणनं डब्यातलं उरलेलं पाणी चाकावर ओतलं. मग अगदी हळू म्हणाला, "त्या आयताराचें तुमी मनांत धरलां." कृष्णनाथला वाटलं, आत्ता ठामपणे नाही म्हटलं तर मिटेल. पण त्यानं स्वतःशी चाचपून बघितलं आणि नाही असं त्याला सापडलं नाही. टोचणारं ते बारीक तिथंच होतं. तो गप्प राहिला, आणि सगुणनं गप्प राहण्याचा अर्थ लावला.

जानकीनं सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही. सांजेच्या वाती करता करता म्हणाली, "एक महिना तरी बघायचं होतं चालवून. अख्खा पावसाळा तो मातीत झोपलाय." कृष्णनाथ म्हणाला, "एक महिना कशाला, एक दिवस पुरतो." ती म्हणाली, "तुम्ही इंजिनाला नाही म्हटलंत की त्याला?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. सगुणनं दुसरा कंत्राटदार गाठला, जिथं कुणी तपासत नव्हतं. दोन दिवसांत ट्रक त्याच उतारावर धावू लागला. सगुणनं घरी येणं बंद केलं. शिगम्याला आला नाही. जानकी त्याच्या वाटणीच्या नेवऱ्या डब्यात ठेवून डबा कपाटात वर सरकवायची, आणि कृष्णनाथ घरात असताना तो डबा खाली काढायची नाही.

वर्कशॉप त्याच रस्त्याला लागून होतं. सगळे ट्रक सारखेच घरघरत जायचे, पण त्यातला एक आवाज कृष्णनाथला लांबून कळायचा. कितीही पाने खणखणोत, कितीही हातोडे चालोत. रिकामा वर जाताना तो निवांत असायचा. मग शांतता. मग त्याचं अंग आपोआप ताठ व्हायचं, हातातलं काम मंद व्हायचं, आणि तो उताराच्या दिशेनं कान लावायचा. ती किंचाळी, मग वळण, मग सपाट. सपाटीला आवाज उतरला की त्याला श्वास सुटल्यासारखं व्हायचं. शंभू नावाचा फिटर त्याच्याशेजारी काम करायचा, तो एकदा म्हणाला, "तुमच्या मेवण्याची गाडी काय ओढते हो! तुम्हीच उगाच नाही म्हणालात." त्यात कुजकेपणा नव्हता. फेब्रुवारीत विधानसभेत भाषेचं ठरलं, दोन्ही बाजूंनी फटाके वाजले, दोन्ही बाजूंची माणसं चिडलेलीच राहिली. मे संपताना गोवा राज्य झालं, वर्कशॉपात पेढे आले. सगळीकडे काही ना काही निकालाला लागत होतं. त्याचाच एक निकाल लोंबकळत राहिला होता. गाडी चालत होती. रोज चालत होती. मग तो चुकला होता का? की त्या उतारावर त्यानं ऐकलं ते त्याच्या मनातल्या टोचण्याचंच किंचाळणं होतं? तो घरी येताना मुद्दाम वळणावरून यायचा, नळावरच्या बाया बघायचा. पिवळ्या लुगड्यातली बाई त्याला पुन्हा दिसली नाही. किंवा दिसली असेल, दुसऱ्या लुगड्यात. एकदा त्याला कुणी विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "पाणी." आणि तहान नसताना ओंजळ ओंजळ प्यायला.

पावसाआधी मातीच्या शेवटच्या खेपा चालल्या होत्या तेव्हा एका दुपारी तो आवाज वर गेला आणि खाली आलाच नाही. कृष्णनाथ पाना हातात घेऊन उभा राहिला. आता येईल. आता. दुसरे ट्रक आले, गेले. कुणीतरी धावत येईल, रस्त्यावरून ओरड ऐकू येईल, याची तो वाट बघत होता. आणि वाट बघता बघता त्याला स्वतःच्या आत काहीतरी सैल होताना जाणवलं. सुटल्यासारखं. झालं एकदाचं, असं. ते काय आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा तो भिंतीला टेकला. इतके महिने तो सगुणच्या काळजीनं ऐकत नव्हता. तो घडण्याची वाट बघत होता. त्या वळणावर काही घडलं असतं तर त्याचं नाही स्वच्छ झालं असतं. नळावरची एखादी बाई गेली असती आणि त्याच्या मनावरचा डाग धुतला गेला असता. हे त्यानं स्वतःच्या डोक्यात असं स्पष्ट, शब्दाला शब्द लावून वाचलं, आणि हातातला पाना खाली ठेवून तो फाटकाकडे निघाला.

फाटकाशी सगुण उभा होता. पायी आलेला. केसांत, भुवयांत लाल माती. दोघांनी कित्येक महिन्यांत एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

"गाडी वयर आसा," सगुण म्हणाला.

"भरिल्ली?"

"भरिल्ली. उताराच्या तोंडार उबी केल्या. दगड लायल्यात चाकांक." त्यानं घसा खाकरला. "काय जालें ना, भावजी. आजूय काय जालें ना. काल नळाकडेन गाडी रावली… इतल्यार रावली." त्यानं दोन तळहातांमधलं अंतर दाखवलं. ते फार थोडं होतं. "ते बायलेन म्हाका गाळी लेगीत दिवंक ना. नुसतें पळयलें. आयज वयर पावलों आनी पांय पेडलार दवरूंक जालो ना. चलत देंवलों."

कृष्णनाथला काहीतरी बोलायचं होतं. तू बरोबर होतास, मी चुकलो. किंवा मी बरोबर होतो, तू चुकलास. दोन्हीतलं एकही खरं नव्हतं आणि तिसरं सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं शंभूकडून दोन फावडी मागून घेतली, एक सगुणच्या हातात दिलं. दोघं उन्हातून डोंगर चढून गेले. ट्रक उताराच्या तोंडावर नाक खाली करून उभा होता. ते हौद्यात चढले आणि माती रस्त्याच्या कडेला उपसू लागले. वरून जाणारे ट्रक हॉर्न देत होते, कुणी ओरडून विचारत होतं, हे काय चाललंय. कृष्णनाथच्या पंजाला फोड आले, फुटले. हौदा निम्मा झाला तेव्हा सगुण थांबला आणि फावड्यावर रेलून म्हणाला, "पुरो?" कृष्णनाथ म्हणाला, "आणिक थोडें." मग पुन्हा फावडी चालली.

खाली आणायला कृष्णनाथ चालकाच्या जागी बसला. सगुणनं चाकांचे दगड काढले आणि शेजारी येऊन बसला. दुसरा गिअर. इंजिनानं सुरुवातीला थोडी कुरकुर केली, मग धरलं. वळणावर रांग होती, पोरं नळाखाली अंघोळ करत होती, कुणी वर बघितलं, कुणी नाही. गाडी त्यांच्या बाजूनं चालत्या माणसाच्या वेगानं गेली. डोंगर संपला. आमोण्याची नदी दिसायला लागली, जेटीवरचा बार्ज दिसला, रस्ता दोन्ही बाजूंच्या शेतांमधून सरळ पसरला. ट्रक तरी रांगतच होता, आणि मागून कुणी हॉर्न मारला, मग पुन्हा मारला.

सगुणनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भावजी, पांय काडात. सपाट आयलें."

"व्हय," कृष्णनाथ म्हणाला. पण पाय ब्रेकवरून उचलला जाईना.